वाटणीतला साचा

“लागली,” बाबा म्हणाले. पण शिकार साधल्यावर माणूस जसं म्हणतो तसं ते म्हणाले नाहीत.

मी चुलीपुढून उठून घरापुढच्या खळ्यात आले. ऊन आता माडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं होतं. बाबांनी ठासणीची बंदूक खांबाला टेकवली, चष्मा काढून पंच्याला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. चष्मा घेऊन दोन वर्षं झाली होती, तरी तो त्यांच्या नाकावर अजून पाहुण्यासारखाच बसायचा.

“मगे? पडलो काय डुकर?” मी विचारलं.

“नाय.”

“खंय लागली?”

“मागच्या पायाक.” एवढं बोलून ते पायरीवर बसले. “करवंदीच्या जाळयेत शिरलो. पाणंदीच्या कडेक.”

त्या पाणंदीवरून आमच्या अख्ख्या वाडीची ये-जा. बायका धुण्याला त्याच वाटेने व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, जायच्या, पोरं त्याच वाटेने शाळेत जायची. पाय फुटलेलं रानडुक्कर तिथे दबा धरून बसलं म्हणजे काय, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. आणि जखमी जनावर दुसऱ्याच्या अंगावर ढकलायची आमच्याकडे रीत नाही. ज्याने जखमी केलं त्यानेच आत जायचं. गावात आणखी दोन बंदुका होत्या, पण त्या खुंटीवरच राहणार होत्या.

“वाट बंद करूक सांगलंय सगळ्यांका,” बाबा म्हणाले. “आजचो दिवस तेका बसां दी. उद्या सकाळी जातंय.”

“ह्याच बंदुकेन?”

“मगे काय सुईदोऱ्यान जाव?”

हा टोमणा मला होता. मी शिवणकाम करायचे. शहाऐंशी सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, लग्न जमत नव्हतं आणि पडवीत माझं पायाचं मशीन होतं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बाबा आणि मी अशी दोनच माणसं, आणि दोघांच्याही जिभेला धार.

मला मात्र एक वेगळीच गोष्ट टोचत होती. बाबांनी तीस पावलांवरून गोळी झाडली होती. भातात उभं असलेलं जनावर, अंगावर पडलेलं कोवळं ऊन, आणि खांद्यामागे नेम धरलेली गोळी लागली मागच्या पायाला. लवू गवस तीस पावलांवर हातभर चुकला, असं सात वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला खुळ्यात काढलं असतं. पण या सात वर्षांत बाबा एवढ्या वेळा चुकले होते की लोकांनी हसणंही सोडून दिलं होतं. डोळे गेले बिचाऱ्याचे, असं म्हणायचे. बाबाही तेच म्हणायचे. मग सावंतवाडीला जाऊन त्यांनी चष्मा आणला. चष्म्याने नेमात काडीचाही फरक पडला नाही.

भाकऱ्या झाकून ठेवून मी शेताकडे गेले. डुक्कर दुसऱ्या टोकाला होतं, तेव्हा भीती नव्हती. बाबा जिथे बसले होते ती जागा बांधावर लगेच सापडली. गवत दबलेलं होतं. समोर चार पावलांवर मला हवी होती ती वस्तू पडली होती. बंदुकीतून गोळीबरोबर उडालेली चिंधी.

ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. या बंदुकीला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग कापडाच्या तुकड्यात बसवलेली शिशाची गोळी घालायची आणि लोखंडी गजाने तळापर्यंत ठासायची. मागे घोड्याखाली ठिणगी पाडणारी केप लावायची, की बार तयार. कापडाचं काम एवढंच की गोळी नळीत घट्ट बसावी आणि सरळ बाहेर पडावी. काज आणि बटण यांच्यासारखं ते नातं आहे. काज मोठं झालं की बटण कितीही चांगलं असो, निसटतंच.

ती चिंधी मी हातात घेतली. जुन्या लुंगीचा तुकडा होता, तीन घड्या घातलेला. एका बाजूने जळून कोळसा झालेला, दुसऱ्या बाजूने उभा फाटलेला आणि तिसऱ्या कोपऱ्याला तर काही झालंच नव्हतं. कापड मी ओळखते. अंगात ढिला झंपर एका खांद्यावर ओढला गेला की तो एकाच शिवणीत फाटतो. ही चिंधी तशी फाटली होती. गोळी नळीत तिरकी बसली होती, आपटत-आपटत बाहेर पडली होती आणि तिला वाटेल तिकडे गेली होती.

घरी येऊन मी चिंधी बाबांच्या पुढ्यात ठेवली.

“बाबा, तुमचे डोळे नाय चुकले. गोळी ढिली पडता नळयेत. ही बघा.”

त्यांनी चिंधीकडे बघितलंसुद्धा नाही.

“माझे डोळे माका ठावक.”

“अवो, बाजारातली गोळी आपल्या नळयेक बारीक होता. मोठी घेतली तर आत जाणा नाय. साचो आणूक व्हयो. आपलो साचो.”

“तू झंपर शीव,” बाबा म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले.

आपला साचा. हा शब्द घरात काढायचा नाही असा नियम होता. तो मी सात वर्षांत पहिल्यांदा मोडला.

बंदूक आजोबांच्या वेळची, हाताने घडवलेली. तिच्या नळीचं माप दुसऱ्या कशाच्याच मापाला जुळत नव्हतं. म्हणून घडवणाऱ्यानेच तिच्याबरोबर गोळ्या ओतायचा साचा करून दिला होता. पकडीसारखा, दोन मुठी आणि तोंडात गोल खोबण असलेला. पुढे बाबा आणि धाकूकाका वेगळे झाले तेव्हा गावातले पाच जण वाटणी करायला बसले. मळे वाटले, माड वाटले, तांब्याची भांडी वाटली. शेवटी बंदूक उरली. शेतीच्या राखणीचा परवाना थोरल्याच्या, म्हणजे बाबांच्या नावावर, त्यामुळे बंदूक त्यांच्याकडे जाणार हे उघड होतं. काका म्हणाले, “मगे बंदुकेच्या बदल्यात माका साचो देवा.” पंचांना वाटलं, एवढ्यावर मिटतंय ना, मिटू दे. त्यांनी साचा काकांना देऊन टाकला. बंदूक एका घरात आणि तिचा साचा दुसऱ्या घरात! पाच शहाण्या माणसांनी मिळून केलेला याहून मोठा वेडेपणा मी आजवर पाहिलेला नाही. काकांकडे बंदूक नव्हती, म्हणजे साचा त्यांना नारळ फोडायलासुद्धा उपयोगाचा नव्हता. बाबांनी बाजारातल्या एका मेस्त्रीकडून नवा साचा करून घेतला, पण त्याची गोळी बारीक आली; मग ते बाजारातल्याच गोळ्या आणायला लागले. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते.

भांडण मात्र पुरुषांचं होतं. काकीचे झंपर मीच शिवायचे. त्यामुळे दुपारी जेवण होताच मी माप घ्यायची टेप गळ्यात अडकवून काकांच्या घराकडे निघाले, म्हणजे वाटेत कुणी विचारलंच तर सांगायला कारण राहिलं असतं. धाकूकाकांचं घर व्हाळाच्या पलीकडे. पाणंद बंद, म्हणून मोठा वळसा घालून जावं लागलं.

काका ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते.

“काकी घरात आसा, कुंदा,” ते मान वर न करता म्हणाले.

“तुमच्याकडेच इलंय, काका. साचो व्हयो होतो.”

त्यांचे हात थांबले. “कोणाक?”

“बाबांक.”

“मगे तेच्या तोंडाक काय झाला?”

काकी दारात आली. तिला सगळं आधीच कळलेलं होतं. आमच्या वाडीत बातमीला वळसा घालावा लागत नाही. “अवो, डुकर जखमी जावन जाळयेत बसलो हा,” ती म्हणाली. “मोठे भावजी उद्या थंय जातले. एकटे.”

“जावं दी. नेमबाज मा तो!”

“काका, एकच बार मिळतलो तेंका,” मी म्हणाले. “दुसरो ठासूक डुकर काय थांबतलो काय?”

काकांनी अडकित्ता बाजूला ठेवला. मला वाटलं, आता मला हाकलणार. पण ते वेगळंच बोलायला लागले, आणि इतक्या वेगाने की ते आतल्या आत कितीतरी वेळा म्हणून झालं असावं.

“वीस वर्सां गोळये कोणी ओतलंय? मी. शिसा मी वितळवलंय, कानशीन मी घासलंय, बार मी ठासून तेच्या हातात दिलंय. आणि डुकर पडलो काय सगळो गाव म्हणता, लवूचो नेम! लवूचो नेम! तो काय करी? चाप ओढी. एकदा, आयुष्यात एकदा तरी म्हणालो काय, की धाक्याची गोळी म्हणान लागली?”

खरं सांगायचं तर मला काकांचं पटलं. लहानपणापासून मी त्यांना ओतताना, घासताना पाहिलं होतं, आणि मीसुद्धा मैत्रिणींना सांगताना बाबांच्याच नेमाचं सांगायचे.

“म्हणान मी साचो घेतलंय,” काका म्हणाले. “म्हटलंय, आता तरी मागूक येतलो. सात वर्सां झाली.”

मला खोटं बोलायची सवय नाही, पण हातात काम असलं की मी कच्चा टाका पटकन घालते. तसंच झालं.

“ताच म्हणाले ते,” मी म्हणाले.

“काय म्हणालो?”

“म्हणाले, धाक्याची गोळी नसात तर माझो नेम म्हणजे नुसतो धूर.”

काका माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या नजरेला नजर दिली. ते कसं जमलं देव जाणे. काकीने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि आत निघून गेली. मोठे भावजी असं कधी बोलणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण परत आली तेव्हा तिच्या हातात कापडात गुंडाळलेला साचा होता.

“दर आयतवारी तेल लावन ठेवतत,” ती मला म्हणाली. “माझ्या डोक्याक कधी लावल्यानी नाय.”

“गप गो,” काका म्हणाले, पण साचा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

तीन दगडांची चूल मांडून काकांनी लोखंडी पळीत शिसं वितळवलं. मासेमारीच्या जाळ्याचं जुनं शिसं होतं, तेही त्यांनी जपून ठेवलेलं. पहिल्या दोन गोळ्या साच्यातून सुरकुतलेल्या निघाल्या. त्या त्यांनी परत पळीत टाकल्या.

“साचो थंड आसलो काय असाच होता,” ते म्हणाले. ते मला सांगत होते की स्वतःला, कुणास ठाऊक. तिसरी गोळी मात्र गुळगुळीत आली. मग त्यांनी आणखी सात ओतल्या, प्रत्येकीचं वरचं देठ कापून कानस फिरवली. आठ गोळ्या त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवल्या. अजून गरम होत्या.

“आता चिंधी,” मी म्हणाले. “कसला कापड लावीत होतास?”

काका गडबडले. “ता माका ठावक नाय. चिंधयो वयनी कापी. माका ती कापलेलेच दी.”

म्हणजे माझ्या आईने. वीस वर्षं गोळी एकाने ओतली, बार दुसऱ्याने उडवला आणि दोघांपैकी एकालाही कापड कसलं ते माहीत नव्हतं. मला हसू आलं आणि रडूही आलं. आईची आठवण गावात कधी कुणी नेमाच्या संदर्भात काढली नव्हती.

“नळयेत घालून बघूक व्हया,” काका म्हणाले आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की नळी कुठे आहे.

काकी म्हणाली, “शर्ट घाला.”

त्यांनी एक शर्ट घातला, तो काढला, दुसरा घातला. चार वाजता आम्ही निघालो. वळशाच्या वाटेने ते पुढे आणि मी मागे. त्यांच्या पाठीकडे बघत मी मनातल्या मनात वेगवेगळ्या शब्दांत बाबांची माफी मागत होते. बाबा नुसतं ‘मी असं काही बोललो नाही’ म्हणाले असते की संपलं. काका त्याच पावली परतले असते, आणि उद्या सकाळी बाबा बाजारातली ढिली गोळी घेऊन जाळीपुढे बसले असते.

बाबा खळ्यात बंदुकीची नळी पुसत होते. काका खळ्याच्या कडेला थांबले. आत पाऊल टाकलं नाही.

“कुंदान सांगल्यान,” ते म्हणाले. “तू म्हणालंस म्हणान.”

बाबांनी मान वर केली. “काय म्हणालंय मी?”

“धाक्याची गोळी नसात तर माझो नेम म्हणजे नुसतो धूर.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अंगठ्याच्या नखावर काहीतरी शोधत होते. कोंबडा ओरडत होता, गोठ्यात म्हैस हंबरत होती, आणि बाबा काही बोलत नव्हते. एवढा मोठा वेळ माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही, लग्नाच्या वेळीसुद्धा नाही.

“म्हटलंय तर म्हटलंय,” बाबा शेवटी खेकसले. “परत परत काय सांगूचा? ये, बस.”

काका आत आले. पायरीवर बसले, पण बाबांपासून दोन हात लांब. मी पळत जाऊन दोघांना पाणी दिलं आणि कापडाची पेटी बाहेर आणली.

मग दिवे लागायच्या आत काम संपवायचं म्हणून आम्ही तिघंही त्याच्या मागे लागलो. पॉपलीन लावलं, गोळी सहज घसरत गेली, नको. टेरिकॉट काढलं तेव्हा काका ओरडले, “ता नको, वितळान नळयेक चिकटतला!” धोतराचं कापड मऊ होतं, पण एकेरी पातळ आणि दुहेरी जाड. मग मी कोरं मांजरपाट काढलं. गोळी नळीच्या तोंडाशी अडकली आणि गजाने दाबूनही अर्ध्यावर थांबली. काकांनी ती मोठ्या मुश्किलीने बाहेर काढली.

“हाच होता काय असा वाटता,” बाबा म्हणाले. “रंग असोच होतो.”

“पण जाता खंय?” काका म्हणाले.

मी ते कापड बोटांत चोळलं आणि माझ्या हाताला कांजी लागली. कोऱ्या मांजरपाटाला कांजी असते, म्हणून ते जाड आणि ताठ लागतं; बेतायच्या आधी ते धुऊन घ्यावं लागतं, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगत होते. एकदम मला घरामागच्या दगडी गडग्यावर ओळीने वाळत घातलेले चौकोनी तुकडे आठवले. लहानपणी मला वाटायचं, आई माझ्या बाहुलीसाठी कापते आहे. मी मागून बघायचे आणि ती द्यायची नाही.

मी गरम पाण्यात मांजरपाट तीनदा खळखळून धुतलं, पिळलं आणि कोळशाच्या इस्त्रीखाली सुकवलं. टेपने मोजून चौकोन कापले, खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि एक काकांना दिला. त्यांनी गोळी त्यात बसवली, नळीच्या तोंडावर ठेवून अंगठ्याने दाबली. ती थोडी कुरकुरली आणि आत गेली. गज एकाच दाबात तळापर्यंत उतरला. ना अडकला, ना सुटला.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

डोंगराच्या पलीकडे चिऱ्याची बंद पडलेली खाण होती. तिथला आवाज जाळीपर्यंत पोचणार नाही म्हणून आम्ही तिकडे गेलो. मी शिवणाच्या खडूने लाल चिऱ्यावर ताटलीएवढा गोल काढला. बाबा चाळीस पावलांवर बसले. काकांनी बार ठासून दिला, जसा वीस वर्षं देत होते तसा. पहिली गोळी गोलाच्या चार बोटं खाली लागली. काकांनी दारूचं माप किंचित वाढवलं. दुसरी गोलाच्या आत बसली. मी पळत जाऊन चिंध्या उचलल्या. दोन्ही अखंड होत्या, मधोमध गोळीचा गोल काळा डाग, चारी कोपरे शाबूत.

“वयनीची चिंधी अशीच पडा,” काका म्हणाले.

बाबांनी माझ्या हातातली एक चिंधी घेतली, नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घरी थांबायला सांगितलं होतं. मी अर्थातच थांबले नाही. पाणंदीच्या वरच्या अंगाला काजूची बाग होती, तिथल्या एका झाडावर चढून बसले. साडी नेसून काजूवर चढणं सोपं नाही, पण त्या दिवशी ते जमलं.

बाबा गडग्याआड उकिडवे बसले होते. पुढे बारा-पंधरा पावलांवर जाळी. वरच्या बाजूने काका दगड घेऊन उभे. त्यांच्या हातात एक कोयता सोडून काही नव्हतं. काकांनी पहिला दगड टाकला. काही नाही. दुसरा टाकला. जाळी हलली आणि पुन्हा शांत झाली. तिसऱ्या दगडाला डुक्कर बाहेर आलं, आणि पळून न जाता सरळ बाबांच्या रोखाने आलं. तीन पायांवर एवढ्या वेगाने जनावर धावू शकतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

बाबा थांबले. मला ओरडावंसं वाटत होतं, उडवा, उडवा. ते थांबलेच. मग बार उडाला आणि सगळा गडगा पांढऱ्या धुरात गेला. धुरात मला बाबा दिसेनात, डुक्कर दिसेना. आवाजही काही येईना.

“दादाऽऽ!” काका ओरडले. सात वर्षांत त्यांनी बाबांचा उल्लेख ‘तुझो बापूस’ असाच केला होता. “दादाऽऽ! दादा रे!” आणि कोयता टाकून ते उतारावरून घसरत, आपटत खाली धावले.

“बोंबलतंस कित्याक?” धुरातून बाबांचा आवाज आला. “जितो आसंय.”

मी झाडावरून कशी उतरले ते मला आठवत नाही. हाताला काजूचा डिंक आणि गुडघ्याला रक्त होतं एवढं आठवतं. डुक्कर गडग्यापासून तीन पावलांवर पडलं होतं. गोळी दोन डोळ्यांच्या मधोमध. काका बाबांच्या दंडाला धरून उभे होते, आणि तो दंड सोडायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं. बाबाही तो सोडवून घेत नव्हते.

मला रडू आलं. बाबा म्हणाले, “आता कित्याक रडतंस? काल खोटा बोलताना रडलंस नाय ती.” म्हणजे ते काकांच्या देखत बोलले. काकांनी ऐकलं, पण ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

तेवढ्यात मला दिसलं की बाबांच्या नाकावर चष्मा नाही. मला वाटलं, धावपळीत पडला. मी गडग्याच्या बुडाशी शोधायला लागले.

“काय बघतंस?”

“चष्मो. खंय पडलो?”

बाबांनी खिशाला हात लावला. चष्मा खिशात होता.

“चष्मो लावन कोण नेम धरता?” ते म्हणाले. “तेतूनच माका धुरकट दिसता.”

मी उभी राहिले. “मगे दोन वर्सां लावतास कित्याक?”

त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. डुकराकडे बघत म्हणाले, “लोक म्हणाले, डोळे गेले. म्हटलंय, म्हणांदेत. डोळे गेले म्हटल्यार कोण पुढचा विचारणा नाय.”

तेव्हा मला कळलं. पहिल्या चुकलेल्या गोळीपासून बाबांना ठाऊक होतं काय चुकतंय ते. माझ्या चिंधीने त्यांना नवं काहीच सांगितलं नव्हतं. धाकट्या भावाकडे साचा मागण्यापेक्षा त्यांनी सात वर्षं चुकणं पत्करलं होतं, आंधळं म्हणवून घेणं पत्करलं होतं, आणि त्या सकाळपर्यंत मरणंही पत्करलं होतं. मला त्यांचा इतका राग आला की डुक्कर मध्ये नसतं तर मी त्यांना गदागदा हलवलं असतं. काका मात्र रागावले नाहीत. ते खाली बसले आणि डुकराच्या कपाळावरच्या भोकात बोट घालून माप घेतल्यासारखं करत राहिले.

त्यानंतर काका दर रविवारी सकाळी आमच्याकडे यायला लागले. चार-पाच गोळ्या पुडीत बांधून आणायचे. त्यांची कानस फिरवलेली असायची, तरी खळ्यात बसून पुन्हा फिरवायचे. चहा व्हायचा, एकमेकांच्या शेतीला नावं ठेवणं व्हायचं. पाणी कुणाच्या मळ्यात आधी सोडायचं यावरून भांडणही व्हायचं, पण ते जेवायच्या वेळेपर्यंत मिटायचं.

दिवाळीनंतर एकदा काकीने मला बोलावून साचाच हातात दिला. “घेवन जा गो. दर आयतवारी ह्यांची तंगडतोड. ह्यांका विचारलंय मी, ने म्हणतत.”

मला आनंद झाला. साचा पदराखाली धरून मी जवळजवळ धावतच घरी आले आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. वाटलं, सात वर्षांनी घरची वस्तू घरी आली, बाबा खूश होतील.

बाबांनी त्याच्या मुठी दोनदा उघडल्या, मिटल्या. खोबणीवरून बोट फिरवलं. मग तो पुन्हा कापडात गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला.

“परत देवन ये.”

“परत? कित्याक? काकांनीच दिल्यानी.”

“दिल्यान म्हणान काय झाला?” बाबा म्हणाले. “साचो हय इलो तर धाकू कशाक येतलो?”

मी साचा घेतला आणि तशीच वळून व्हाळाच्या वाटेला लागले.